सध्या काय वाचत आहात? भय, अद्भुत आणि विज्ञान कादंबऱ्यांतल्या जागांविषयी

पिंपळपान

गेल्या दोन महिन्यांत मी तीन कादंबऱ्या लागोपाठ वाचल्या: ब्रॅम स्टोकर यांची 'ड्रॅक्युला' (१८९७), स्टीफन किंग यांची 'सेलम्स लॉट' (१९७५) आणि तिच्यावर बेतलेली नारायण धारप यांची 'लुचाई'. किंग शाळेत शिक्षक असताना विद्यार्थ्यांना 'ड्रॅक्युला' शिकवीत असत आणि त्यातला रक्तपिपासू सरदार ड्रॅक्युला विसाव्या शतकातल्या अमेरिकेत आला तर काय होईल, या प्रश्नातून आपली कादंबरी सुचली, असे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. म्हणजे ट्रान्सिल्व्हेनियातून निघालेली एक गोष्ट इंग्लंडमार्गे अमेरिकेतल्या मेन राज्याच्या एका लहानशा गावात गेली आणि तिथून मराठी मुलखात उतरली. तिन्ही पुस्तके ओळीने वाचल्यामुळे कथानकाची ओढ थोडी कमी झाली आणि गोष्ट ज्या जागी घडते त्या जागेकडे माझे लक्ष गेले.

'ड्रॅक्युला'ची सुरुवात आठवून पाहा. जोनाथन हार्कर हा नुकताच वकील झालेला तरुण ३ मेच्या नोंदीत काय लिहितो, तर वाटेत जेवणात मिळालेले लाल मिरचीचे कोंबडीचे कालवण चांगले होते, पण त्याने फार तहान लागली, आणि आपल्या वाग्दत्त वधू मिनासाठी त्याची कृती मिळवली पाहिजे. गाड्या उशिरा धावत असल्याची तक्रारही तो करतो. पुढे जे भयंकर घडणार आहे त्याचा पाया या कालवणावर आणि उशिरा आलेल्या गाडीवर रचलेला आहे, कारण ज्या प्रदेशातले जेवण आपल्याला कळले तो प्रदेश खरा वाटू लागतो. स्टोकर स्वतः ट्रान्सिल्व्हेनियाला कधीही गेले नव्हते. १८९० साली व्हिटबी या इंग्लंडच्या किनाऱ्यावरील गावी मुक्कामाला असताना तिथल्या ग्रंथालयातल्या एका पुस्तकात त्यांना 'ड्रॅक्युला' हे नाव सापडले, आणि बाकीचा प्रदेश त्यांनी पुस्तकांवरून उभा केला. व्हिटबी मात्र त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. टेकडीवरच्या चर्चकडे जाणाऱ्या १९९ पायऱ्या, समुद्राकडे कललेले कबरस्थान आणि वादळात बंदरात शिरलेले, सुकाणूला बांधलेल्या मृत कप्तानाचे जहाज, हा भाग मला किल्ल्यातल्या प्रसंगांपेक्षाही अधिक परिणामकारक वाटतो.

आणि पन्नास पेट्यांची गोष्ट तर विसरता येण्याजोगी नाही. ड्रॅक्युला इंग्लंडला येताना आपल्या मुलखातली माती पन्नास पेट्यांत भरून आणतो, कारण त्या मातीवाचून त्याला विसावा मिळत नाही. भयकथेला आपली माती बरोबर न्यावी लागते, हे याहून नेमके कोणी सांगितले असेल असे मला वाटत नाही.

धारपांपुढचा प्रश्न त्यामुळे फार अवघड होता. किंग यांच्या गावात पाद्री आहे, क्रूस आहे, आणि ज्याच्या हातात क्रूस आहे त्याची श्रद्धा डळमळली की क्रूसही निस्तेज होतो, हा त्या कादंबरीतला माझ्या मते सर्वांत भेदक प्रसंग आहे. मराठी घरात जन्मलेल्या बहुसंख्य वाचकांच्या मनात क्रूसाभोवती भीतीही नाही आणि आधारही नाही. धारपांनी या अडचणीतून जी वाट काढली ती त्यांच्या साऱ्या लेखनात दिसते: संरक्षण येते ते साधनेतून, मंत्रातून, दीर्घ तपाने मिळवलेल्या अधिकारातून, आणि म्हणूनच त्यांच्या कथांतला 'समर्थ' हा अमानवी शक्तींशी झुंजणारा नायक आपल्याला परका वाटत नाही.

माझी विनंती अशी आहे की ज्या भय, अद्भुत किंवा विज्ञान कादंबरीत जागा बदलली तर सारे पुस्तकच कोसळेल, अशी आपण सध्या वाचत असलेली किंवा पूर्वी वाचून मनात राहिलेली पुस्तके येथे सुचवावीत, आणि ती जागा नेमके काय करते हेही लिहावे.

सांजवेळ

धागा वाचताक्षणी शर्ली जॅक्सन यांची 'द हाँटिंग ऑफ हिल हाउस' (१९५९) आठवली, कारण ती मी याच आठवड्यात तिसऱ्यांदा वाचून संपवली आहे. या घरात रक्त, कवट्या, साखळदंड असे काहीही नाही. तिथले सगळे कोन किंचित चुकलेले आहेत. भिंती काटकोनात भेटत नाहीत, पायऱ्यांना सूक्ष्म उतार आहे, आणि उघडे ठेवलेले दार आपोआप बंद होते त्याचेही कारण तो बांधकामातला तिरकसपणा असू शकतो, असे तपासणीसाठी आलेले डॉक्टर माँटेग्यू समजावून सांगतात. हे स्पष्टीकरण ऐकून वाचकाला धीर येण्याऐवजी तो अधिकच अस्वस्थ होतो. घर कुणी तरी जाणूनबुजून असे बांधले आहे, आणि त्यात राहणाऱ्याचा तोल रोज थोडा थोडा जाणार आहे, हे एकदा कळले की प्रत्येक पानावर आपणही पाय जपून टाकू लागतो.

एलेनॉर ही नायिका अकरा वर्षे आजारी आईची शुश्रूषा करून थकलेली आहे आणि तिला स्वतःचे म्हणावे असे घर नाही. म्हणून ते भयंकर घर जेव्हा तिला बोलावू लागते, तेव्हा तिला त्या बोलावण्यात माया वाटते. मी पहिल्यांदा ही कादंबरी वाचली तेव्हा केवळ घाबरले होते. यावेळी, माझ्या सासूबाईंच्या दीर्घ आजारपणात तीन वर्षे घराबाहेर फारशी न पडल्यानंतर वाचताना, एलेनॉर एकटीने गाडी चालवीत निघते आणि वाटेतल्या प्रत्येक घराकडे पाहून आपण तिथे राहिलो असतो तर, अशी कल्पना करते, त्या पानांवर मी बराच वेळ थांबले. भयकादंबरीत एवढी करुणा असू शकते हे ज्यांना पटत नसेल त्यांनी ही जरूर वाचावी.

आपल्याकडच्या लोकसमजुतीतही जागा आधी येते आणि भूत नंतर, हे मला महत्त्वाचे वाटते. मुंजा म्हटला की पिंपळ आला, गिरा म्हटला की पाणी आले, कोकण-गोव्यात देवचार म्हटला की त्याची ठरलेली हद्द आली, आणि चकवा तर माणसाला दिसतही नाही, तो फक्त ओळखीच्या शेताला अनोळखी करून टाकतो. माझी आजी रात्रीच्या वाटेने जाणाऱ्याला भुताचे नाव कधीच सांगत नसे, फक्त कुठून जाऊ नको ते सांगत असे. या धर्तीवर संपूर्ण चकव्यावर बेतलेली एखादी मराठी कादंबरी कुणी लिहिली तर मी ती पहिल्या दिवशी विकत घेईन.

ओसरी

दोन्ही प्रतिसाद आवडले, परंतु एका मुद्द्यावर मला आग्रहाने मतभेद नोंदवायचा आहे. धारपांचे रूपांतर कौशल्याचे आहे हे मान्य करूनही मूळ कृतीचा उल्लेख वाचकापर्यंत पोहोचला पाहिजे, असे मला वाटते. मी शाळेत असताना धारपांची 'शपथ' वाचून भारावून गेलो होतो आणि पुढे किंग यांची 'इट' (१९८६) हाती आली तेव्हा ओळखीची वळणे एकामागून एक दिसू लागल्यावर मला फसवले गेल्यासारखे वाटले. तो राग आता उरलेला नाही. तरीही ज्या वाचकाला इंग्रजी पुस्तके सहज मिळत नव्हती त्याला ही गोष्ट कुठून आली हे कळण्याचा हक्क होता, असे माझे मत आजही आहे.

ही साखळी पुढे कुठे जाते ते मात्र पाहण्यासारखे आहे. किंग यांच्या 'ग्रॅमा' या कथेवरून धारपांनी 'आजी' लिहिली. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना एका मित्राने नागझिराच्या जंगलात धारपांची कथा सांगितली, आणि त्या रात्रीच्या भीतीतून अनेक वर्षांनी 'तुंबाड' (२०१८) हा चित्रपट आला, ज्याचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून घेतलेले आहे. अमेरिकन आजीची गोष्ट अखेरीस सतत कोसळणाऱ्या पावसात, वाड्यात आणि तळघरात जाऊन रुजली. पिंपळपान यांनी मातीच्या पेट्यांचा जो दाखला दिला आहे, त्याच्या उलट येथे घडले आहे: गोष्ट रिकाम्या हाताने आली आणि माती तिला येथे मिळाली. माझा आक्षेप श्रेय न देण्याला आहे, या प्रवासाला नाही.

त्याच सुमाराला कुणाकडून काही उसने न घेताही भीती घरात आणणारे लेखक आपल्याकडे होते, हेही सांगायला हवे. रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथा शहरातल्या मध्यमवर्गीय घरात घडतात, जिथे बाहेर जिन्यात शेजाऱ्यांचे बोलणे ऐकू येत असते. 'गहिरे पाणी' ज्यांनी वाचलेले नाही त्यांनी तिथून सुरुवात करावी. कादंबरीच हवी असा नियम असेल तर क्षमस्व.

पिंपळपान

ओसरी, नियम काहीही नाही, कथासंग्रह अवश्य सुचवावेत. श्रेयाबद्दलचा आपला मुद्दा मला पटतो आणि म्हणूनच मी 'लुचाई'चे नाव घेताना मूळ पुस्तकाचेही घेतले. मात्र 'शपथ' वाचताना आपल्याला जो आनंद झाला तो खोटा होता असे मी म्हणणार नाही.

ध्रुवतारा

मी भयकथा वाचत नाही, कारण झोप लागत नाही. विज्ञान कादंबऱ्यांच्या बाजूने लिहितो.

डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले, त्यानंतर मी त्यांचे सारे कथालेखन पुन्हा क्रमाने वाचायला घेतले आहे. त्यांच्या या लेखनाची सुरुवातच मोठी सुंदर आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली, म्हणजे स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून टोपणनाव घेतले, आणि कथेला पहिले पारितोषिक मिळाले. नाव पाहून परीक्षकांनी झुकते माप देऊ नये म्हणून एवढी काळजी घेणाऱ्या लेखकाबद्दल माझा आदर दर वाचनाला वाढतो.

धाग्याच्या विषयाला धरून मी 'गंगाधरपंतांचे पानिपत' सुचवतो. ही कादंबरी नव्हे, कथा आहे, आणि अनेक मुलांनी तिचे इंग्रजी रूप अकरावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात वाचले असेल. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघातानंतर अशा जगात जाऊन पोहोचतात जिथे १७६१ साली पानिपतावर मराठे जिंकले आहेत, कारण विश्वासरावांना लागायची ती गोळी त्यांच्या कानाजवळून निघून गेली. येथे जागा काय करते ते पाहा. पुणे-मुंबई हा रोजचा रेल्वेमार्ग तोच आहे, उतरण्याचे स्थानक तेच आहे, परंतु मुंबईत पाऊल टाकताच ती इंग्रजांच्या ताब्यातली मुंबई निघते. गंगाधरपंत गोंधळून कुठे जातात, तर ग्रंथालयात, आणि स्वतःच लिहिलेले इतिहासाचे खंड काढून इतिहास कुठल्या पानापाशी वळला ते शोधू लागतात. परक्या जगात सापडलेल्या माणसाने आधी ग्रंथालय गाठावे, ही कल्पना फक्त प्राध्यापकालाच सुचू शकते, आणि ती मला अतिशय प्रिय आहे. ही कथा दिल्लीच्या किंवा लंडनच्या वाचकाला बुद्धीने कळेल, परंतु पानिपत हा शब्द ज्याच्या घरात पराभवाचा समानार्थी म्हणून वापरला जातो त्याच्या पोटात ती जशी कालवते तशी इतरांच्या कालवणार नाही.

दुसरे पुस्तक आर्थर सी. क्लार्क यांचे 'द फाउंटन्स ऑफ पॅरडाइज' (१९७९). क्लार्क १९५६ पासून श्रीलंकेत राहत होते, आणि या कादंबरीतली पृथ्वीपासून अवकाशापर्यंत जाणारी उद्वाहिका, म्हणजे लिफ्ट, ते जिथे उभारतात ती जागा म्हणजे श्रीलंकेचेच रूप आहे: सिगिरियाचा खडक आणि श्रीपाद पर्वत दोन्ही नावे बदलून त्यात आले आहेत. अशा उद्वाहिकेचा पाया विषुववृत्तावर असावा लागतो, कारण तिचा दोर ज्या भूस्थिर कक्षेला टेकवायचा ती विषुववृत्ताच्या वर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असते. श्रीलंका तर विषुववृत्ताच्या उत्तरेला आहे. तेव्हा क्लार्क यांनी आख्खे बेटच सुमारे ८०० किलोमीटर दक्षिणेला सरकवले आणि प्रस्तावनेत तसे मोकळेपणाने सांगितले. एरवी विज्ञानाशी एक पाऊलही तडजोड न करणारा हा लेखक आपले आवडते बेट सोडायला तयार झाला नाही, त्याने भूगोल वाकवला. पर्वतावरच्या मठातले भिक्खू आणि अभियंता मॉर्गन यांच्यातला संघर्ष, आणि तो मिटवणारी फुलपाखरांची भविष्यवाणी, यासाठी तरी हे पुस्तक वाचावेच.

माजघर

माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, मराठी सहज वाचते, इंग्रजी थोडे अडखळत वाचते. तिला या प्रकारातले पहिले पुस्तक कोणते द्यावे? फार भीतिदायक नको.

ध्रुवतारा

ताई, मराठीत भा. रा. भागवत यांनी केलेली ज्यूल व्हर्न यांची रूपांतरे द्या, 'चंद्रावर स्वारी'पासून सुरुवात करा. भागवतांची भाषा मुलांना हात धरून पुढे नेते. त्यानंतर नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा संग्रह. त्यातली 'उजव्या सोंडेचा गणपती' ही गोष्ट वाचून झाली की कागदाच्या पट्टीला अर्धा पीळ द्या, टोके जोडून तिला मोबियसची पट्टी करायला सांगा आणि मधोमध लांबीच्या दिशेने कापायला लावा. दोन कडी न होता एकच लांब कडे हाती येते तेव्हा मुलांचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

सांजवेळ

इंग्रजी वाचनाची सवय वाढावी अशी इच्छा असेल तर अर्सुला ले ग्विन यांचे 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) आपण दोघींनी मिळून मोठ्याने वाचावे असे सुचवेन. पुस्तक लहान आहे आणि वाक्ये स्वच्छ आहेत. त्यातले सारे जग बेटांचे आहे, म्हणून कुठेही जायचे तर नाव हवी आणि वाऱ्याची मर्जी हवी, आणि कुठल्याही वस्तूचे खरे नाव कळल्याशिवाय तिच्यावर जादू चालत नाही. नायक गेड हा तांबूस-सावळ्या वर्णाचा मुलगा आहे, हे लेखिकेने त्या काळात जाणीवपूर्वक केले होते. माझ्या भाचीला ते वाचून फार बरे वाटले होते.

दर्यावर्दी

मी गेली काही वर्षे परदेशात असल्यामुळे मराठी पुस्तके मोजकीच जवळ आहेत, त्यात जी. ए. कुलकर्णी यांचे 'रमलखुणा' आहे. 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या त्यातल्या दोन दीर्घकथांना आपण अद्भुत साहित्य का म्हणत नाही, हा प्रश्न मला नेहमी पडतो. जीएंवर लिहिणारे नियती, रूपक, प्रतीक असे शब्द वापरतात आणि ते योग्यही आहेत, परंतु ज्या वाचकाला कुठल्याच नकाशात नसलेल्या प्रदेशातून चालण्याची आवड आहे त्याला हे पुस्तक त्याच्या आवडीचे आहे हे कुणी सांगतच नाही. त्या प्रदेशांना धर्म आहेत, शिक्षा आहेत, भाकिते आहेत. मराठी अद्भुत लेखनाची परंपरा शोधताना 'मुक्तामाला' या कादंबरीपर्यंत, म्हणजे १८६१ पर्यंत मागे जाणारे अभ्यासक जीएंपाशी आले की दुसऱ्याच दालनात शिरतात.

'रमलखुणा'च्या शेजारी ठेवावे असे पुस्तक मी नुकतेच संपवले: सुझॅना क्लार्क यांचे 'पिरानेसी' (२०२०). एक माणूस असंख्य दालनांच्या वास्तूत राहतो. खालच्या मजल्यावर समुद्राची भरती-ओहोटी चालते, वरच्या मजल्यावर ढग फिरतात, मधल्या दालनांत भिंतीला लागून पुतळेच पुतळे आहेत. जगात आजवर पंधरा माणसे होऊन गेली असा त्याचा हिशेब आहे, त्यांपैकी तेरांची फक्त हाडे उरली आहेत, आणि तो त्या हाडांना नेमाने फुले व अन्न अर्पण करतो. ज्या वर्षी नैर्ऋत्येच्या दालनांत अल्बट्रॉस पक्षी आला, त्या वर्षाला त्याने त्या पक्ष्याचेच नाव दिले आहे. वास्तूचे रहस्य पुढे उलगडते, पण मला त्या रहस्यापेक्षा त्याची कृतज्ञता आठवत राहते. आपण जिथे अडकलो आहोत त्या जागेवर इतके निर्मळ प्रेम करणारा माणूस मी दुसऱ्या कुठल्या कादंबरीत पाहिलेला नाही. सांजवेळ यांनी हिल हाउसबद्दल लिहिले आहे ते वाचताना जाणवले की एलेनॉरला हवे असलेले घर याला मिळाले आहे.

ओसरी

धाग्याच्या मूळ कल्पनेला पूरक अशी दोन पुस्तके, ज्यांत जागा काय करते हे शेवटपर्यंत कुणालाच कळत नाही. स्तानिस्लाव लेम यांच्या 'सोलारिस' (१९६१) मध्ये एक सबंध ग्रह म्हणजे एकच समुद्र आहे, तो जिवंत असावा, आणि त्याच्यावर पिढ्यान्‌पिढ्या झालेल्या संशोधनाने ग्रंथालये भरली आहेत. त्या ग्रंथांची वर्णने करणारी प्रकरणे काही वाचकांना कंटाळवाणी वाटतात. मला तीच सर्वोत्तम वाटतात, कारण माणसाने नावे देण्यात किती श्रम घेतले आणि समजून घेण्यात किती अपयश आले, हे तिथे कळते. इंग्रजीतून वाचणाऱ्यांना एक सूचना: जुना इंग्रजी अनुवाद मूळ पोलिशवरून केलेला नसून फ्रेंच अनुवादावरून केलेला आहे. थेट पोलिशवरून केलेला अनुवाद २०११ मध्ये आला, तो मिळाला तर तोच घ्यावा.

दुसरे म्हणजे अर्कादी आणि बोरिस स्त्रुगात्स्की या बंधूंचे 'रोडसाइड पिकनिक' (१९७२). परग्रहावरून कुणीतरी आले, माणसाकडे ढुंकूनही न पाहता निघून गेले, आणि जिथे ते थांबले होते तो परिसर आता प्राणघातक झाला आहे. तिथल्या वस्तू चोरून आणणारा रेड शूहार्ट पुढचे पाऊल टाकण्याआधी नट-बोल्ट फेकून पाहतो, आणि तो ज्या रीतीने पडतो त्यावरून पुढे जायचे की नाही ते ठरवतो. अख्ख्या कादंबरीतली भीती त्या फेकलेल्या नटाच्या वाटेत साठलेली आहे.

पिंपळपान

'सोलारिस'च्या दोन अनुवादांची माहिती फार उपयोगी आहे, माझ्याकडे जुनाच अनुवाद होता. ग्रंथालयातून नवा मागवून घेतो आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचतो.

माजघर

'चंद्रावर स्वारी' आज आणले. मुलीने जेवताना वाचू नये असा आमच्या घरचा नियम आहे, तो आजच्यापुरता बाजूला ठेवला आहे. कागदाची पट्टी, डिंक आणि कात्री तिने आधीच काढून ठेवली आहे, गोष्ट त्यानंतर वाचणार म्हणते.